विषय कुठून आणता?

दिवाळीला आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांत एक तरी असा निघतोच, की जो फराळाची बशी हाती घेऊन मला विचारतो, “मास्तर, शाळा सांभाळून कादंबऱ्या लिहिता, पण विषय कुठून हो आणता?” गेल्या खेपेला मी काहीतरी भारदस्त उत्तर जुळवीत होतो, तोच सौ. आतून म्हणाली, “विषय घरातच पडलेले असतात, भाऊजी. डाळीचं पीठ तेवढं दुकानातून आणावं लागतं!” पाहुणे हसले, मीही हसलो. परंतु रात्री अंगणातला आकाशकंदील उतरवताना ते वाक्य पुन्हा आठवले, आणि वाटले की स्फूर्तीविषयी मी आजवर जे वाचले, त्यापेक्षा या टोमण्यात अधिक तथ्य आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. साहित्यशास्त्राची परीक्षा मी कधी दिली नाही. तेव्हा पुढे जे सांगणार आहे ते पंडिताचे मत नव्हे. एका लिहिणाऱ्याने, आणि त्याहून अधिक एका चुकलेल्या शिक्षकाने, केलेली ही उजळणी आहे.

प्रथम चूक सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गाला मी ‘माझी आई’ हा नेहमीचा निबंध घातला होता. बहुतेक मुलांनी आईला वात्सल्यसिंधू, करुणेची मूर्ती वगैरे करून टाकले होते. एका मुलीने मात्र लिहिले होते, की माझी आई भाकरी थापताना बोलत नाही. भाकरी तव्यात पडली म्हणजे बोलते, आणि ती उलथेपर्यंत जेवढे बोलायचे तेवढे बोलून घेते. मी त्या ओळींखाली लाल शाईने रेघ ओढली, समासात ‘अवांतर’ असा शेरा मारला आणि दहापैकी चार गुण दिले. मार्गदर्शकातून निबंध उतरवून काढणाऱ्या मुलाला आठ दिले. त्या आठ गुणांच्या निबंधातला एक शब्दही आज मला आठवत नाही. भाकरी उलथेपर्यंत बोलणारी ती बाई मात्र मी कधीही न पाहता माझ्या ओळखीची झाली आहे.

हा शेरा मी का मारला? कारण त्याच सुमारास मी स्वतः जी कादंबरी लिहीत होतो, तिचा नायक महाबळेश्वरी बंगल्यात राहून व्हायोलिन वाजवीत असे. महाबळेश्वर मी पाहिलेले नव्हते, आणि व्हायोलिनच्या तारा किती हे शेजाऱ्याला विचारून लिहिले होते. आपले रोजचे जगणे लिहिण्याच्या योग्यतेचे नाही, असे मला मनापासून वाटत होते. आणि जे मला वाटत होते तेच मी वर्गाला शिकवीत होतो. कादंबरी प्रकाशकाकडून परत आली, ते ठीकच झाले. पोरीचे गुण मात्र परत करता आले नाहीत.

पुढे व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ पुन्हा हाती आले. हे पुस्तक 1949 सालचे. त्यातला धर्मा रामोशी आपणांपैकी अनेकांनी वाचला असेल. म्हातारा धर्मा जुने धोतर मागतो, त्याला ते मिळते, आणि तरीही तो आपल्या चिंध्यांतच वावरताना दिसतो. मग कळते, की ते धोतर त्याच्या लेकीच्या अंगावर गेले आहे. घटना म्हणाल तर एवढीच. माझ्यासारख्याने लिहिले असते तर दारिद्र्यावर एक पानभर प्रवचन झोडले असते. माडगूळकर दारिद्र्याचे नाव काढण्याच्या भरीस पडत नाहीत. ते धोतर कुठून कुठे गेले, एवढेच आपल्याला पाहू देतात. बाप आणि लेक, लाज आणि माया, देणारा आणि घेणारा, हे सारे त्या एका वस्त्राला धरून उभे राहते. जुने धोतर कोणाच्या घरी नसते? ते पाहण्यासाठी माणदेशात जन्मावे लागत नाही. ते दिल्यावर पुढे त्याचे काय झाले, हे पाहायला मान वळवावी लागते. आणि तेवढी तसदी आपण घेत नाही.

1955 साली आलेल्या ‘बनगरवाडी’ने तर मला शिक्षक म्हणूनही शरमिंदे केले. तिचा निवेदक एक तरुण मास्तर आहे. धनगरांच्या वाडीत तो येतो, तर शाळेला पोरे नाहीत, कारण ती मेंढरांमागे. कथानक तोलून धरणारा खलपुरुष या कादंबरीत नाही. मेंढरे आहेत, पाऊस आहे, आणि मग पाऊस न येणे आहे. वाडी एकत्र येऊन तालीम बांधते. तालमीच्या चार भिंती ही काय कादंबरीत सांगण्याची गोष्ट! परंतु दुष्काळाने तीच वाडी ओस पडू लागते, तेव्हा एरवी मामुली वाटणारे एकेक घर आपल्याला आपले गमावलेले घर वाटते. आधी ते घर आपण भरलेले पाहिले म्हणूनच रिकामे झालेले जाणवते. रोजच्या गोष्टी सावकाश मांडण्याचे प्रयोजन हे असे पुढे उमगते.

आता कोणी म्हणेल, मास्तर, हे गावाकडचे जीवन नवखे म्हणून गोड वाटते. घरातल्या चार भिंतींचे काय? त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ काढावीत. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेत वडिलांचे सोवळे येते. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही, मग ते मीठ का असेना! या वेडापायी घरच्या बायकांचे केवढे हाल झाले असतील. पण लक्ष्मीबाई आक्रोश करीत नाहीत. त्या हसत सांगतात, आणि आपण हसता हसता थबकतो, कारण हसण्याच्या आड एक माउली निमूट राबताना दिसते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईला हे कसे साधले? त्यांनी वडिलांवर खटला भरला नाही आणि त्यांची पूजाही मांडली नाही. वडील होते तसे त्यांनी दाखविले.

आणि बहिणाबाई चौधरी? 1880 साली खानदेशातल्या असोद्याला जन्मलेली ही शेतकरीण लिहावाचायला शिकली नव्हती. जाते ओढताना, शेतात राबताना तिला गाणी सुचली. चिरंजीव कवी सोपानदेव यांच्यामुळे ती जपली गेली, आणि 1951 साली ती वारल्यावर पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. चुलीवरचा तवा, विहिरीवरची मोट, सुगरणीचे घरटे ही तिची सामग्री. तिच्या उपमा कोशातून आलेल्या नाहीत, हाताला चटका बसून आलेल्या आहेत. म्हणूनच संसाराचे तत्त्वज्ञान ती तव्यापाशी बसून सांगते तेव्हा ते पटते. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला या निरक्षर बाईचे नाव देण्यात आले, तेव्हा माझ्यातल्या मॅट्रिकवाल्याला किती आनंद झाला म्हणून सांगू!

परंतु येथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. जे रोजचे ते सगळे वाङ्मय, असा उलटा भ्रमही आपल्याकडे कमी नाही. सकाळचा चहा, दुधवाला, लोकलची गर्दी यांची यादी केली म्हणजे वास्तव अवतरले, किंवा पात्रांच्या तोंडी दोनचार ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ घातले म्हणजे गाव उभे राहिले, असे मानणारे लेखन आपण पुष्कळ सोसले आहे. ते महाबळेश्वरी बंगल्याइतकेच खोटे. बंगल्यातला व्हायोलिनवाला जसा उसना, तसा हा दुधवालाही उसनाच. फक्त जवळच्या दुकानातून आणलेला. सौ.चे बोलणे मी येथे थोडे दुरुस्त करू इच्छितो. घरात पडलेले असते ते डाळीचे पीठ. त्याचा लाडू व्हायचा तर ते मंद आचेवर भाजावे लागते, हात न थांबविता ढवळावे लागते, आणि नेमके कधी उतरवायचे हे नाकाने ओळखावे लागते. धर्माच्या घरात धोतराखेरीज आणखी शंभर वस्तू असतील. लेखकाने एकच उचलली. ती का, हे ज्याला कळले त्यालाच स्फूर्ती झाली, असे मी म्हणेन.

आणि हे कळायला आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे निर्भीडपणा. आपली चूल, आपली बोली, आपल्या वडिलांचे वेड यांची लाज न बाळगण्याचा. सातवीतल्या त्या मुलीपाशी तो होता. समासात एक लाल शब्द लिहून मी तो काढून घेतला. परीक्षेच्या दिवसांत तिने पुढचा निबंध लिहिला तो इतर मुलांसारखा होता. त्यात आई वात्सल्यसिंधू झाली होती. मी सात गुण दिले. हे लिहिताना आजही हात जड होतो.

आता मी निबंध घालतो तो असा: ‘आज सकाळी घरात जे पाहिले ते.’ मुले पहिल्यांदा गोंधळतात. “सर, काही झालंच नाही,” म्हणतात. मी म्हणतो, जे झाले नाही तेच लिहा. परवा एका मुलाने लिहिले, की आजोबा रोज दोन कप चहा ओततात आणि दुसरा आजीच्या फोटोपुढे गार होऊ देतात. मी समासात काहीच लिहिले नाही. वही मिटून थोडा वेळ तसाच बसलो.

वाचकहो, हा अंक आपण वाचीत असाल तेव्हा आतून तळणीचा वास येत असेल. एक पान मुडपून जरा आत डोकावून या. विषय कुठून आणता, असे आपण पुन्हा मला विचारणार नाही. आणि चकल्या सोडणाऱ्या हातालाही दोन घटका विसावा मिळेल.