वाफेच्या इतिहासातले येवला

मराठीत वाफेच्या शक्तीची कथा बहुधा दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एकीत लहानगा जेम्स वॅट किटलीचे झाकण उडताना पाहतो आणि जग बदलते. दुसरीत मँचेस्टरचे कापड येते आणि आपला हातमाग बंद पडतो. पहिली गौरवकथा, दुसरी शोककथा. येवल्यासारख्या पैठणीच्या गावी उभे राहून पाहिले, की दोन्ही अपुऱ्या वाटतात.

आधी किटलीचे पाहू. थॉमस न्यूकोमेनचे इंजिन १७१२ सालीच इंग्लंडात कोळशाच्या खाणीतले पाणी उपसत होते. वॅटचा जन्म १७३६ चा. ग्लासगो विद्यापीठातला त्याच इंजिनाचा एक नमुना त्याच्याकडे दुरुस्तीला आला. दर फेरीला तोच सिलिंडर तापवायचा आणि तोच थंड करायचा, यात उष्णता वाया जाते हे त्याने हेरले. वाफ थंड करायला त्याने वेगळे भांडे जोडले आणि १७६९ मध्ये पेटंट घेतले. म्हणजे त्याचा शोध वाफेचा नव्हता, कोळशाच्या बचतीचा होता. खाणीच्या तोंडाशी उधळे इंजिनही परवडे. कोळसा विकत घेणाऱ्या गिरणीला ते परवडणारे नव्हते. किटलीच्या गोष्टीतून नेमका हा हिशेब गळतो.

आपल्याकडची गौरवकथा १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला गेलेल्या गाडीपाशी थांबते. येवल्याला रेल्वे आली ती धोंड-मनमाड मार्गाने, १८७८ मध्ये. त्याआधीच्या भीषण दुष्काळात या मार्गाच्या मातीकामावर दुष्काळी मजूर लावले होते. इंजिन वाफेवर धावले, पण त्याच्याखालचा भराव उपाशी माणसांनी टोपल्या वाहून घातला. वाफेने माणसाचे कष्ट हलके केले असे लिहिताना कोणाचे आणि कुठले, हेही लिहायला हवे.

शोककथेतही अशीच एक गफलत आहे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापड गिरणी काढली आणि मागोमाग इतर गिरण्या उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या काळात त्यांचा मोठा माल कापड नव्हे, सूत होता. ते चीनला जाई, तसेच देशी हातमागांवरही चढे. वाफेने सूत कातणारीचा चरखा थांबवला हे खरे. पण त्याच वाफेने कातलेल्या सुतावर कित्येक विणकर तगले. ‘कारागीर बुडाला’ या एका वाक्यात या दोघांची गत एकच होऊन बसते.

पैठणीची गोष्ट आणखी वेगळी. तिला ओहोटी लागली ती मुख्यतः पेशवाई गेल्यावर राजाश्रय तुटल्यामुळे. वाफेचा माग तिच्यापर्यंत पोचलाच नाही. त्या मागावर धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत एकाच लयीत पळतो. पैठणीच्या पदरात मात्र मोराच्या प्रत्येक रंगाची कांडी वेगळी; ती आपल्या नक्षीच्या कडेपर्यंत जाते, शेजारच्या धाग्यात अडकते आणि परत फिरते. कुठे वळायचे हे विणकराची बोटे ठरवतात. तेव्हा वाफेने हाताला हरवले असे सरसकट म्हणता येत नाही. जे काम न थांबता तसेच्या तसे पुन्हा करता येते, ते तिने घेतले. जिथे दर ओळीला निर्णय आहे, तिथे ती अडली.

हे आज सांगण्याचे कारण आहे. यंत्रमागावरची ‘पैठणी’ बाजारात हातमागाच्या नावाने खपते. तो माग विजेवर चालतो, म्हणून वाफेचे युग संपले असे आपण समजतो. पण महाराष्ट्राची बहुतेक वीज कोळशातून येते, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या एकलहरे केंद्रात कोळशावर पाण्याची वाफच होते आणि तीच टर्बाइन फिरवते. १८७८ मध्ये येवल्याच्या स्टेशनाबाहेर राहिलेली वाफ आता तारेतून मागापर्यंत आली आहे. २०१० मध्ये पैठणीला मिळालेले भौगोलिक मानांकन नाव राखते. पदर उलटून पाहण्याचे काम गिऱ्हाइकाचेच. हाताने विणलेली नक्षी मागच्या बाजूनेही तितकीच नेटकी असते, यंत्राच्या नक्कलेत तिथे बहुधा मोकळे धागे लोंबतात. वाफेचा इतिहास लिहिणाऱ्यानेही तो असाच उलटून पाहावा.