ओर्ताचे संवाद आणि आमचा मसाल्याचा डबा

गार्सिया द ओर्ता हें नांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. त्याचा ग्रंथ वाचलेले मात्र थोडेच निघतील. हिंदुस्थानांतील औषधी व सुगंधी द्रव्यांविषयींचा हा पोर्तुगीज संवादग्रंथ इ. स. १५६३ मध्यें गोव्यांत छापला गेला. आपल्या देशांत छापलेल्या अगदीं पहिल्या कांहीं पुस्तकांत त्याची गणना होते. ग्रंथकर्ता धंद्यानें वैद्य. इ. स. १५३४ मध्यें तो इकडे आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीं त्याचा वावर होता, आणि मुंबईचें बेट त्याला पोर्तुगालच्या राजाकडून कायमच्या पट्ट्यानें मिळालें होतें. त्या बेटावरील आपल्या आंब्याच्या झाडाविषयीं तो ग्रंथांत मोठ्या कौतुकानें बोलतो. तेव्हां मुंबई व तिचीं उपनगरें यांत राहणाऱ्या वाचकांस हा ग्रंथकार अगदींच परका मानण्याचें कारण नाहीं.

या ग्रंथाची युरोपांत फार स्तुति झाली. क्लूसियस या पंडितानें इ. स. १५६७ मध्यें त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला, व पुढें युरोपास ओर्ता कळला तो मुख्यतः त्यावरूनच. सर क्लेमेंट्स मार्कम यांचें इंग्रजी भाषांतर इ. स. १९१३ मध्यें निघालें. आमच्याकडील सुशिक्षितही ही स्तुति जशीच्या तशी उचलतात. परंतु दुसऱ्यानें केलेली स्तुति पाठ म्हणणें म्हणजे रसग्रहण नव्हे. ज्या झाडांचीं फळें, साली, मुळें व कळ्या आपल्या स्वयंपाकघरांत रोज वापरल्या जातात, त्यांच्याविषयीं हा ग्रंथ काय सांगतो व तें कितपत खरें, हें आपण आपल्या डोळ्यांनीं पाहिलें पाहिजे.

प्रथम ग्रंथाच्या रचनेविषयीं. ओर्तानें हा विषय दोन मित्रांच्या संभाषणांतून मांडला आहे. रुआनो हा नुकताच युरोपांतून आलेला, ग्रीक व लॅटिन ग्रंथ मुखोद्गत असलेला पंडित; दुसरा स्वतः ओर्ता. रुआनोनें जुन्या आचार्यांचें वचन काढावें आणि ओर्तानें बाजारांतील जिन्नस त्याच्या हातावर ठेवावा, असा हा खेळ आहे. कोठें कोठें संभाषण भरकटतें. वैद्यकींतून राजकारणांत, राजकारणांतून साष्टीच्या बाजूच्या कोरीव लेण्यांत शिरतें. तरीही ही योजना आम्हांस फार मार्मिक वाटते. गोव्यांत इ. स. १५६० मध्यें इन्क्विझिशनची स्थापना झाली होती, आणि ओर्ता मूळच्या यहुदी घराण्यांतला. उघडपणें प्राचीनांचा अधिकार झुगारण्यापेक्षां मित्रांच्या वादांतून तो हळूच बाजूस सारणें हें अशा माणसास सोयीचें होतें. त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. १५८० मध्यें, त्याचीं हाडें उकरून जाळण्यांत आलीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या संभाषणांतील सावधपणाचा अर्थ कळतो.

आतां विषयाकडे वळूं. जायफळ व जायपत्री हीं एकाच फळांतून निघतात, हें ओर्ता स्पष्ट सांगतो. जायफळ हें त्या फळाचें बीज, आणि जायपत्री म्हणजे बीजाभोंवतींचें तांबडें जाळीदार वेष्टन. पिंपळीचें झाड मिऱ्यांच्या झाडाहून निराळें, हेंही त्यानें बजावलें. जुने आचार्य लांब, काळीं व पांढरीं मिरीं एकाच झाडाचीं मानीत. आजचें वनस्पतिशास्त्र या बाबतींत ओर्ताच्या बाजूस आहे. मिरी, पिंपळी व आपल्या विड्याचें पान हीं एकाच कुळांतील. पण वेली निरनिराळ्या.

परंतु त्याच ओर्तानें काळीं व पांढरीं मिरीं निरनिराळ्या वेलींचीं ठरविलीं आहेत. हा फरक काळ्या व पांढऱ्या द्राक्षांच्या वेलींतल्यासारखा असून तो तेथील रहिवाशांसच ओळखतां येतो, असें तो सांगतो. वस्तुतः वेल एकच. कच्चीं हिरवीं फळें तोडून उन्हांत वाळविलीं म्हणजे साल सुरकुतून काळीं मिरीं होतात. पिकलेलीं फळें भिजवून साल काढली म्हणजे पांढरीं. दालचिनीच्या बाबतींत प्राचीनांची 'कॅशिया' आणि 'सिनॅमोमम' ही एकच वस्तु, असें त्याचें मत. दोन्ही झाडें एकाच वंशांतील खरीं. पण सिंहलद्वीपाची दालचिनी पातळ सालींच्या अनेक घड्यांची व नाजूक असते, आणि चीनची कॅशिया जाड, कठीण व तिखट. आज आपल्या वाण्याकडे दालचिनी म्हणून पुष्कळदां ही दुसरीच मिळते.

इतका डोळस माणूस मिऱ्यांच्या बाबतींत कसा फसला? मलबारचा किनारा त्यानें पाहिला होता. तेव्हां झाड न पाहिल्याचा दोष त्यास देतां येत नाहीं. आमच्या मतें दोष पाहण्यांत नसून सांगण्यांत आहे. स्वतः पाहिलेलें आणि दुसऱ्याकडून ऐकलेलें, हीं दोन्ही त्याच्या पानावर पुष्कळदां एकाच आवाजांत बोलतात. कोणी सांगितलें, तो वेल लावणारा होता कीं मिरीं विकणारा, हें वाचकास कळत नाहीं. मालुपा नांवाचा एक देशी वैद्य आणि जिन्नस आणून देणारी दासी आंतोनिया अशीं एक-दोन माणसें नांवानिशीं येतात. बाकीचे सारे केवळ 'येथील लोक'. ज्याचें नांव नाहीं त्याला उलट प्रश्न विचारतां येत नाहीं, आणि म्हणून त्याची चूक ग्रंथांत तशीच राहते.

येथें दुसऱ्या एका ग्रंथाची आठवण होते. डच अधिकारी व्हान रीड यानें मलबारच्या वनस्पतींवर काढलेला बारा खंडांचा ग्रंथ इ. स. १६७८ ते १६९३ या काळांत ॲम्स्टरडॅम येथें प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या खंडांत इट्टि अच्युतन् या मलयाळी वैद्याचें, तसेंच रंगभट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचें प्रशस्तिपत्र छापलें आहे. कोंकणी वैद्यांचें तर नागरी लिपींत. साक्षीदाराचें नांव छापणें हा केवळ सौजन्याचा प्रश्न नव्हे. तो शास्त्राच्या शुद्धतेचा प्रश्न आहे. या एका गुणांत व्हान रीड ओर्ताच्या पुढें गेला, असें आम्हांस म्हणावें लागतें.

वाचक विचारतील, साडेचारशें वर्षांपूर्वींच्या या चुकांचें आम्हांस काय? परंतु आपला मसाल्याचा डबा उघडून पाहावा. लवंग ही न उमललेली कळी. जिरें, धणे, ओवा व बडीशेप यांस आपण बिया म्हणतों, पण तीं एकाच कुळांतील वाळलेलीं फळें. दगडफूल हें फूल नव्हे, बुरशी व शेवाळ यांच्या सहवासानें वाढणारा तो एक निराळाच संयुक्त जीव. हिंग म्हणजे इराण-अफगाणिस्तानाकडील झाडाच्या मुळाचा चीक. तिरफळाची साल घ्यावयाची व बी टाकावयाची, हें कोंकणांतील प्रत्येक गृहिणी जाणते, पण काय म्हणून, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत चैत्र-वैशाखांत घरोघरीं वर्षाचा मसाला तयार होतो. जुन्या गांवठाणांतील ईस्ट इंडियन कुटुंबें आपला बाटलींत ठासून भरण्याचा मसाला याच दिवसांत कुटतात. कोणता जिन्नस किती भाजावा, कोणता शेवटीं घालावा, याचें ज्ञान त्या हातांत आहे. बोरिवलीच्या रानांत पावसाळ्यांत रानहळद फुलते, तेव्हां ती आल्या-वेलदोड्यांच्या कुळांतली आहे हें मात्र पदवीधरांसही सांगावें लागतें. घरांतील ज्ञानास शास्त्राचें नांव नाहीं, आणि शाळेंतील शास्त्रास घराचा वास नाहीं.

म्हणून ओर्ताचा ग्रंथ मराठी घरांत वाचला जावा, अशी आमची इच्छा आहे. पण देव्हाऱ्यांत ठेवण्यासाठीं नव्हे. चांगल्या टीपांसह, प्रत्येक विधानापुढें आजचें शास्त्र काय म्हणतें हें दाखवून तो छापावा. कोकमाच्या शास्त्रीय नांवांतला 'गार्सिनिया' हा शब्द ओर्तावरून आला अशी समजूत कोणाची असेल, तर तीही त्यांत दूर करावी. तो मान लॉरेंत गार्सिन या दुसऱ्याच वैद्याचा आहे. आणि त्याच वेळीं आपल्या आज्या-मावश्यांचें मसाल्याचें ज्ञान त्यांच्या नांवानिशीं लिहून ठेवावें. ओर्तानें पुस्तकांतील वचनापेक्षां हातांतील वस्तूस मान दिला, ही त्याची थोरवी. ती वस्तु ज्यांनीं त्याच्या हातांत दिली त्यांस तो बहुधा विसरला. त्याची थोरवी घेऊन त्याची ही उणीव भरून काढणें, हेंच आमच्या पिढीकडून त्याच्या ग्रंथाचें खरें परीक्षण ठरेल.