नाथ देवळालीकरांचे भाषण

गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळाच्या मासिक बैठकीत विजय तेंडुलकरांच्या 'कन्यादान'चे अभिवाचन झाले. वाचन चांगले वठले. नंतरच्या चर्चेत मात्र बहुतेकांचा सूर एकच होता : मुलीने उतावीळपणे घरच्या चालीरीतींबाहेर लग्न केले, त्याची फळे भोगली, आपल्यात असे होत नाही. त्यातला 'आपल्यात' हा शब्द घरी येईपर्यंत आमचा पिच्छा सोडीना. हे टिपण त्या शब्दापायीच लिहिले आहे.

१९८३ साली रंगभूमीवर आलेल्या आणि दहा वर्षांनी तेंडुलकरांना सरस्वती सन्मान मिळवून देणाऱ्या या नाटकाचे कथानक वाचकांना ठाऊक असेलच. समाजवादी आमदार नाथ देवळालीकर आणि समाजकार्यात बुडालेल्या सेवाबाई यांची मुलगी ज्योती दलित कवी अरुण आठवले याच्याशी लग्न करते. अरुण तिला मारतो, रडून क्षमा मागतो आणि पुन्हा मारतो. ती गरोदर असतानाही हे थांबत नाही. दलित समीक्षकांनी नाटकावर घेतलेला आक्षेप आम्हांला बराचसा मान्य आहे. अरुण आपल्या हाताचा दोष आपल्या वस्तीवर आणि बापावर ढकलतो, आणि नाटक त्याला पुरेसे अडवत नाही. त्याच्या आईने खाल्लेला मार आपल्याला कळतो तोही त्याच्याच तोंडून. एकही दलित स्त्री रंगमंचावर येऊन स्वतःचे बोलत नाही. त्यामुळे प्रेक्षकाला मारहाणीवर जातीची चिठ्ठी चिकटवून निर्धास्त घरी जाता येते. आमच्या बैठकीत तेच झाले.

पण नाटकाचा खरा गाभा अरुण नव्हे, नाथ आहेत. ज्योती नवऱ्यासोबत परत निघते तेव्हा त्यांना मुलीचा अभिमान वाटतो, कारण त्यांच्या दृष्टीने एक थोर प्रयोग तगला आहे. पुढे अरुणचे आत्मकथन गाजते आणि त्यावरच्या परिसंवादाचे अध्यक्षपद घेण्याचा आग्रह त्यांना होतो. माणसाची किळस आलेली असताना ते जातात, आणि पुस्तकाची तोंड भरून स्तुती करतात. या भाषणाला टीकाकारांनी दांभिकपणा म्हटले आहे, ज्योतीही तेच म्हणते. आम्हांला त्यात आणखी काही दिसते. आपण नकार दिला तर त्याची किंमत पोरीला मोजावी लागेल, हा हिशेब नाथांनी केलेला आहे. ओलीस ठेवलेल्याच्या नातलगांना करावा लागतो तसा हा हिशेब आहे. जावयाचा मान राखा, दिवाळसणाला कमी पडू देऊ नका, तो काही बोलला तर हसून घ्या, ही आपल्या माहेरघरांची शिकवण याहून कितीशी वेगळी आहे? नाथांनी ते सभेत केले, आपण जेवणाच्या पंक्तीत करतो, एवढेच. आयुष्यभर व्यासपीठावर खरे बोलल्याचा अभिमान बाळगणारा माणूस घरासाठी खोटे बोलायला उभा राहतो, हा प्रवेश तेंडुलकरांच्या एकंदर लेखनात आम्हांला फार वरचा वाटतो. अरुणच्या मुखी घातलेली भाषणे त्यापुढे ठरीव वाटतात.

आता 'आपल्यात' काय होते ते पाहू. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्या प्रत्येक घरात आदराने घेतले जाते. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' (१९६८) न वाचलेले घर आपल्यात विरळा, आणि त्या कहाणीवरचा २०१९चा चित्रपटही अनेकांनी पाहिला असेल. अभ्यास टाकून स्वयंपाकघरात रमली म्हणून गोपाळरावांनी तिला मारले, हा प्रसंग आपण कौतुकाने सांगत आलो : इतर नवरे बायको शिकते म्हणून मारतात, हा शिकत नाही म्हणून मारतो! या वाक्यावर आम्हीही तरुणपणी हसलो आहोत. पण स्वतः आनंदीबाईंनी अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात या माराचा हिशेब आहे. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणे, खुर्च्या आणि पुस्तके अंगावर फेकणे, सोडून जाण्याची धमकी देणे, हे सारे त्या वयाला आणि त्या शरीरमनाला फार होते, असे त्या सांगतात. आभार मानावेत की दोष द्यावा, या ओढाताणीत लिहिलेले हे पत्र आहे. कल्याणची ही मुलगी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि १८८७च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, वारली. तिच्या यशाने त्या माराला पावती मिळाली असे आपण धरून चाललो. हेतू उदात्त असला की मार हा मार राहत नाही, हे मत मग कोणत्या वस्तीचे मानायचे?

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) याच्या शेजारी ठेवून वाचावे. आपल्या समाजात सुनांचे कसे हाल होत हे त्यांनी काही न झाकता लिहिले. स्वतःच्या नवऱ्याचा मार मात्र पुस्तकात आणला नाही. तो त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितला. आपले लेखनही त्यांनी वीस वर्षे घरात लपवून ठेवले होते. 'कन्यादाना'त जी स्त्री रंगमंचावर आली नाही, ती इथे बोलते, आणि तिलाही अर्धे राखून ठेवावे लागते.

आपल्या गावांची यात एक निराळी गोष्ट आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याच्या वाड्यांत सुना पुण्या-साताऱ्याकडून येत. माहेर दोन दिवसांच्या अंतरावर, आणि शेजारी परभाषक. मराठी घरे मोजकी, त्यांतली निम्मी नात्यातली. बोभाटा झाला तर साऱ्या समाजाची अब्रू जाणार, म्हणून तो होऊ द्यायचा नाही. बैठक संपल्यावर सतरंज्या आवरताना एका वयस्क सभासद बाईंनी सहज सांगितले की त्यांच्या आत्याचा डावा हात कोपरात कायमचा वाकडा होता. विहिरीवर घसरून पडली, असे मुलांना सांगितले जाई. चर्चेत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

ज्योतीपुढे नवरा किंवा माहेर असे दोनच दरवाजे होते. छळाविरुद्धचे कलम ४९८-अ दंड संहितेत आले तेही १९८३च्या डिसेंबरात. घरगुती हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा २००५चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. तो जातधर्म पाहत नाही, आणि पत्नीइतकाच आई, बहीण, मुलगी यांनाही लागू आहे. घर कोणाच्या नावावर आहे हे न पाहता तो स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. दंडाधिकाऱ्याने पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांच्या आत द्यावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा यत्न करावा, असे कायद्यात लिहिले आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. तरी १८१ हा क्रमांक आणि संरक्षण अधिकारी नावाची व्यक्ती, या दोन गोष्टी सेवाबाईंच्या हाताशी नव्हत्या, आपल्या आहेत.

पुढच्या बैठकीत 'कन्यादाना'चा शेवटचा प्रवेश आणि आनंदीबाईंचे ते पत्र लागोपाठ वाचावे आणि जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना ऐकायला बोलवावे, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीकडे दिली. साहित्य मंडळात हे कशाला, असा प्रश्न दोघांनी विचारला. सूचना सध्या विचाराधीन आहे. सतरंज्या आवरणाऱ्या बाईंनी मात्र पत्र वाचायची तयारी दाखवली आहे.