पृच्छा कोणाची, उत्तर कोणाचे? : कुतूहल-टिपणांचे एक परीक्षण

एखाद्या वार्तेत काही नवल असले म्हणजे ती एकाने दुसऱ्यास सांगावी, दुसऱ्याने तीत आपल्या गावची भर घालावी आणि तिसऱ्याने शंका काढावी, हा व्यवहार समाजाइतकाच जुना आहे. त्याला विद्वानांच्या नियतकालिकाचे रूप मिळाले ते मात्र एकोणिसाव्या शतकात. तेथे जो लेखनप्रकार रूढ झाला त्यास ‘कुतूहल-टिपण’ असे नाव देता येईल. लोकसाहित्याच्या आणि सांस्कृतिक इतिहासाच्या प्रबंधांतून अशा टिपणांचा आधार पुरावा म्हणून घेतला जातो. पुरावा म्हणून त्यांचे मोल ठरवावयाचे तर त्यांची घडण आधी तपासली पाहिजे. प्रस्तुत लेखात ही तपासणी मुख्यतः कोकणविषयक एका संग्रहापुरती केली आहे.

या प्रकाराचा आदर्श म्हणजे १८४९ च्या नोव्हेंबरात लंडन येथे विल्यम जॉन थॉम्स यांनी सुरू केलेले ‘नोट्स अँड क्वेरीज’ हे साप्ताहिक. १८४६ मध्ये ‘अथेनियम’ पत्रातून टोपणनावाने ‘फोकलोर’ हा शब्द इंग्रजीत आणणारे थॉम्स ते हेच. त्यांच्या साप्ताहिकाची योजना साधी होती. वाचकाने आढळलेली गोष्ट टिपून पाठवावी, अडलेली गोष्ट विचारावी आणि इतर वाचकांनी पुढील अंकांतून उत्तरे द्यावीत. म्हणी, शिलालेख, वंशावळी, ग्रामीण समजुती, शब्दांच्या व्युत्पत्ती अशा सर्वांस तेथे जागा होती. पुढे ऑक्सफर्ड कोशाचे संपादक जेम्स मरे यांनीही शब्दांविषयीच्या पृच्छा तेथे प्रसिद्ध केल्या. या योजनेचे खरे सामर्थ्य संग्रहात नव्हते. विचारणारा आणि सांगणारा यांच्या भूमिका तेथे अदलाबदल होऊ शकत होत्या, यात होते. आज ज्याने उत्तर दिले तो उद्या प्रश्न विचारू शके, आणि चुकीचे उत्तर तिसऱ्याकडून खोडले जाई.

हा आदर्श हिंदुस्थानात लवकरच आला. १८७२ मध्ये जेम्स बर्जेस यांनी मुंबईत ‘इंडियन अँटिक्वरी’ सुरू केले. १८८३ मध्ये रिचर्ड टेंपल यांचे ‘पंजाब नोट्स अँड क्वेरीज’ निघाले आणि १८९१ मध्ये विल्यम क्रुक यांचे ‘नॉर्थ इंडियन नोट्स अँड क्वेरीज’. नाव तेच राहिले. व्यवहार मात्र पालटला. टेंपल हे लष्करी सेवेतील, तर क्रुक मुलकी सेवेतील अधिकारी होते. त्यांची पृच्छा प्रजेपर्यंत पोहोचताना तिला नकळत सरकारी चौकशीचा रंग चढणे अपरिहार्य होते.

या पालटाचे स्पष्ट उदाहरण म्हणजे कोकणच्या लोकसमजुतींचा १९१५ मध्ये मुंबईत छापलेला इंग्रजी संग्रह. त्याची सामग्री ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमविली होती. नाशिकचे कलेक्टर असताना २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी ज्यांचा वध केला, ते हेच जॅक्सन. संस्कृतचे व्यासंगी म्हणून त्यांची ख्याती होती. त्यांच्या पश्चात आर. ई. एन्थोव्हेन यांनी ही सामग्री संपादित केली. तिचा मोठा भाग प्राथमिक शाळांच्या शिक्षकांनी प्रश्नावलीस दिलेल्या उत्तरांचा आहे.

या ग्रंथाची प्रकरणे क्रुक यांच्या उत्तर हिंदुस्थानातील लोकधर्मावरील ग्रंथाशेजारी ठेवून पाहावीत. निसर्गशक्ती, वीरदैवते, रोगांच्या देवता, पितर, दुष्ट मृतात्मे, दृष्ट, वृक्ष आणि नाग, टोटेम, पशुपूजा, चेटूक, शेतीचे विधी : नावे आणि क्रम यांतील साम्य नजरेत भरते. म्हणजे कोकणातील शिक्षकाने लेखणी उचलण्यापूर्वीच त्याच्या उत्तरांचे कप्पे दुसऱ्या प्रदेशावरून घडलेले होते. देवकाचेच पाहा. आपल्याकडे देवक हे लग्नविधीत प्रतिष्ठित होते. सोयरीक जुळविताना त्याचा विचार होतो. एन्थोव्हेन यांनी ते टोटेमच्या कल्पनेखाली घातले. एकदा त्या कप्प्यात गेल्यावर देवकाविषयी ‘हे टोटेम कशावरून?’ असे विचारण्यास शिक्षकाला जागा उरली नाही. पृच्छा राहिली, प्रतिपृच्छा गेली.

दुसरी गोष्ट नावांची. १९१४ च्या गुजरातविषयक खंडात पुष्कळ ठिकाणी माहिती देणाऱ्या शिक्षकाचे नाव आहे. कोकणच्या खंडात बहुतेक तळटीपांत नुसते ‘स्कूलमास्तर’ आणि पुढे पालशेत, दासगाव यांसारखे गाव येते. त्यामुळे हा शिक्षक त्या गावचा होता की बदलीवर आलेला, कोणत्या जातीचा होता, त्याने हे प्रत्यक्ष पाहिले की विद्यार्थ्यांकडून ऐकले, हे तपासण्याची वाटच खुंटते. क्रुक यांचे सहकारी पंडित रामगरीब चौबे यांची गतही याहून फार निराळी नव्हती. कथासंग्रहातील त्यांचा वाटा केवढा होता, हे साधना नैथानी यांच्या २००६ मधील ग्रंथाने स्पष्ट केले.

तथापि एवढ्यावरून हा संग्रह त्याज्य ठरवणे अन्यायाचे होईल. त्याचा एक मोठा गुण असा की, गावागावांतील विसंगती त्याने घासूनपुसून एकसारख्या केल्या नाहीत. एका गावी भूताविषयी जी समजूत, तिच्याहून निराळी समजूत दुसऱ्या गावच्या नावावर तशीच नोंदलेली आढळते. १९२४ मध्ये एन्थोव्हेन यांनी मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवर जो सलग ग्रंथ सिद्ध केला त्याची मांडणी अधिक नीटनेटकी आहे. पण अभ्यासकाने आधी १९१५ चा खंडच उघडावा. ज्या कच्च्या सामग्रीत दोन गावांचे मतभेद शिल्लक आहेत, तीच पुनर्तपासणीस उपयोगी पडते.

तात्पर्य, या टिपणांतून कोकणचे खेडे बोलते, असे लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याने थांबावे. तेथे एक पगारी शिक्षक वरिष्ठांच्या प्रश्नास उत्तर देत आहे. प्रत्येक टिपणास तीन प्रश्न लावावेत. प्रश्न कोणी विचारला? उत्तर कोणी, कोठून दिले? आणि त्या उत्तरास खोडण्याची संधी कोणास होती? पहिल्या दोहोंची उत्तरे संग्रह अंशतः देतो. तिसऱ्याचे उत्तर त्याच गावी जाऊन, आज त्या समजुतीविषयी विचारणा करून, आणि सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने नोंदवूनच मिळवावे लागेल. थॉम्स यांच्या योजनेतील जो अर्धा भाग आपल्याकडे येताना गळाला, तो पुरा करण्याचे काम अद्याप शिल्लक आहे.