तबकड्यांतील तिपिटक : मांडणी आणि विवेक

तिपिटकाची छापील आवृत्ती परीक्षणाचा विषय होते. तिची संगणकीय मांडणीही तशीच तपासली गेली पाहिजे. कोणता पाठ वाचकाच्या दृष्टीस पडावा आणि कोणता आड राहावा, हे पुष्कळदा मांडणीच ठरवीत असते.

गेल्या शतकाच्या अखेरीस पालि संहितेच्या तीन परंपरा संगणकावर आल्या. थायलंडच्या महिडोल विद्यापीठाने १९८८ साली स्यामी परंपरेची संहिता संगणकात आणली. तेथीलच धम्मकाय प्रतिष्ठानने १९९६ साली पालि टेक्स्ट सोसायटीच्या रोमन आवृत्तीची सीडी-रॉम काढली. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९७ साली रंगूनच्या छट्ठ संगायनेची (१९५४-५६) संहिता तबकडीवर दिली. ती देवनागरीत वाचता येते, आणि मूळ, अट्ठकथा व टीका हे थर ती वेगळे ठेवते. हा तिचा मोठा गुण होय.

अशा अनेक तबकड्या एकत्र ठेवण्यासाठी त्या काळी सीडी चेंजर मिळत असे. युनिक्स वळणाच्या प्रणालीवर तो जोडताना एक पेच पडे. स्कझी जोडणीच्या पुष्कळ चेंजरांत संपूर्ण यंत्राचा पत्ता एकच असे, आणि आतील प्रत्येक तबकडीस शून्यापासून स्वतंत्र उपक्रमांक असे. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, स्पष्ट सांगितल्याखेरीज पुष्कळदा केवळ शून्य क्रमांकच तपाशी. मग उरलेल्या तबकड्या यंत्रात असूनही नसल्यासारख्या होत, आणि त्यांची उणीव कोणास जाणवतही नसे. सर्व उपक्रमांक तपासण्याचा पर्याय चालू करून प्रत्येक तबकडीस आपली निर्देशिका द्यावी लागे. तरीही लेसरखाली एका वेळी एकच तबकडी येई. दोन वाचकांनी दोन मागितल्या, की यंत्र अदलाबदलीतच गुंतून पडे.

परंपरेच्या वाचनातही हेच घडते. गृहत्यागाचा प्रश्न घ्या. वृद्ध, रोगी, प्रेत आणि परिव्राजक पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही कथा बाबासाहेबांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात विवेकाच्या कसोटीवर नाकारली आणि शाक्य-कोलियांच्या पाण्याच्या तंट्याकडे लक्ष वेधले. संहिता काय सांगते? दीघनिकायाच्या महापदानसुत्तात ही कथा विपस्सी बुद्धांची आहे. उत्तरकालीन बुद्धवंसात गौतमांसंबंधी चार निमित्तांचा ओझरता उल्लेख येतो. विस्तार मात्र जातकट्ठकथेच्या निदानकथेत आहे. उलट सुत्तनिपाताच्या अत्तदण्डसुत्तात, झगडणाऱ्या माणसांना पाहून मनात उपजलेला संवेग भगवंत स्वतः सांगतात. पण त्या सुत्ताचा रोहिणीच्या तंट्याशी संबंध जोडते ती अट्ठकथाच. म्हणून अट्ठकथेस बुद्धवचन समजणे जसे अयोग्य, तसेच तिला सरसकट टाकून देणेही अयोग्य. प्रत्येक थराचा पत्ता ठाऊक असेल, तरच बाबासाहेबांची चिकित्सा पुढे नेता येते.

इगतपुरीच्या तबकडीचे दोषही सांगितले पाहिजेत. तिची आज्ञावली विंडोजसाठी होती. युनिक्सवर तबकडी जोडता येई, परंतु संहिता उघडणारी आज्ञावली तेथे चालत नसे. पुढे विन्यासाने युनिकोडमधील संहिता खुली केली आणि हे कुलूप निघाले.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. देवनागरी अक्षरे म्हणजे मराठी अर्थ नव्हे. करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावातील उपासकास आज ही संहिता मोबाइलवरही उघडता येते. अक्षर वाचता येते. अर्थ लागत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके ग्रंथांपासून दूर ठेवले गेले, त्याच्या हाती ग्रंथ यावा आणि अर्थ दूरच राहावा, ही स्थिती समाधानाची नाही. बाबासाहेबांनी पालि व्याकरण आणि शब्दकोशाचे काम स्वतः केले. महाराष्ट्र शासनाने ते त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या १६व्या खंडात छापले. त्या कामाचा वारसा विहारांनी घेतला पाहिजे. मूळ पाठ, त्याशेजारी मराठी अर्थ आणि प्रत्येक उताऱ्यावर त्याच्या थराचे नाव, अशी आवृत्ती सिद्ध व्हावी. आणि ती वाचण्यासाठी प्रत्येक विहारात पालिचा वर्ग चालावा.