तुटलेल्या स्तंभांचं वय

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला ब्रुनिकेलची गुहा आहे. तिच्या तोंडापासून ३३६ मीटर आत, जिथे दिवसाउजेडाचा मागमूस नाही, तिथे जमिनीवरचे लवणस्तंभ तोडून कुणीतरी दोन कडी मांडली आहेत. थोरलं कडं ६.७ मीटर लांब आणि ४.५ मीटर रुंद, धाकटं जेमतेम दोन मीटरचं. एकूण सुमारे ४०० तुकडे, वजन २.२ टन. झाक झोबेर आणि सहकाऱ्यांचा या कड्यांवरचा निबंध मे २०१६ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आला. त्यातली युक्तिवादाची बांधणी एखाद्या कसलेल्या कथेसारखी आहे.

कथेतला पेच जुना होता. १९९०च्या दशकात तिथल्या जळक्या हाडाचं वय कार्बनने मोजलं गेलं आणि उत्तर आलं, किमान ४७,६०० वर्षं. त्या ‘किमान’पाशी सगळं अडलं. साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडे कार्बनचं घड्याळ मुकंच होतं.

नव्या चमूने हाड बाजूला ठेवलं आणि दगडालाच विचारलं. चुनखडीतून झिरपणारं पाणी आपल्याबरोबर युरेनियम विरघळवून आणतं. थोरियम मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते मागे मातीतच राहतं. त्यामुळे लवणस्तंभाचा ताजा थर बसतो तेव्हा त्यात युरेनियम असतं, थोरियम जवळपास नसतंच. पुढे युरेनियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून थोरियम-२३० साचत जातं. त्याचा अर्धायुकाल सुमारे ७५,००० वर्षं, म्हणून हा हिशेब पाच लाख वर्षांच्या आसपासपर्यंत चालतो. पाण्यासोबत चिखल आला असेल तर त्यातलं उपरं थोरियम वय फुगवतं. थोरियम-२३२ किती आहे ते पाहून ती भेसळ वजा करावी लागते.

रसायन एवढंच, आणि ते पाठ्यपुस्तकातही सापडेल. खरी कमाल पुढे आहे. स्तंभाचं वय कळलं तरी तो तोडला कधी, हे कसं कळणार? घाव घातल्याची तारीख दगडात साठत नाही. पण तुटून आडवा पडलेला तुकडा वाढायचा थांबतो. त्याचा सर्वांत बाहेरचा थर म्हणजे तुटण्याआधीची शेवटची नोंद. इकडे छताची गळती चालूच असते. पुढे कधीतरी मांडलेल्या तुकड्यांवर नवं कॅल्साइट, म्हणजे स्तंभ ज्याचा बनतो तेच खनिज, चढू लागतं, आणि त्या नव्या थराचा तळ ही तुटण्यानंतरची पहिली नोंद. संशोधकांनी या दोन्ही ठिकाणी छिद्रं पाडून नमुने काढले. माणसाचा हात या दोन नोंदींच्या मधल्या फटीत आहे, आणि फट आश्चर्य वाटावं इतकी अरुंद निघाली. उत्तर आलं: १,७६,५०० वर्षं, मागेपुढे २,१००. ही चूकभूलच सातवाहनांपासून आजपर्यंतच्या काळाएवढी आहे, तरी त्या पल्ल्यावर ती सव्वा टक्क्याच्या आतबाहेर भरते.

एवढ्या जुन्या युरोपात हे करणारे निअँडरथलच, असं निबंध सांगतो. मला मात्र त्याहून भावला तो मोजमापांचा तपशील. थोरल्या कड्यातल्या तुकड्यांची सरासरी लांबी ३४.४ सेंटिमीटर, धाकट्यातल्यांची २९.५. निम्मे तुकडे स्तंभाच्या मधल्या भागाचे, ज्यांना बूड नाही आणि शेंडाही नाही. म्हणजे हाताला लागेल ते उचललं नव्हतं. निवड होती, माप होतं. काही तुकडे जाळाने लाल-काळे पडलेत. इतक्या आत उजेड न्यावा लागला असणार, हे त्यातून आपोआप येतं. लेखक आवाज चढवत नाहीत. रुक्ष आकडेच हे काम करून जातात.

कडी कशासाठी, या प्रश्नाशी येताच निबंध थोडा ढिला पडतो. पूजाविधी, निवारा, आणखी काही अशा शक्यतांना तो नुसता स्पर्श करून पुढे जातो. युरेनियम-थोरियमने ‘कधी’चं उत्तर दिलं. ‘कशासाठी’ला लागणारा पुरावा त्या कॅल्साइटखाली अजून झाकलेला असू शकतो, आणि तो मिळवायचा तर ज्या थरांनी वय सांगितलं तेच फोडावे लागतील.