संदर्भांची पेटी

संदर्भसूची करून देणारी कोणती संगणकप्रणाली घ्यावी, असे विद्यार्थी आम्हाला विचारतात. एन्डनोट विकत घ्यावी लागते. झोटेरो व मेंडेली फुकट मिळतात. पण किमतीपेक्षा, जमवलेले संदर्भ उद्या दुसरीकडे नेता येतील काय, हे आधी पाहावे. मेंडेली २०१३ मध्ये एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने घेतली. २०१८ मध्ये वापरणाऱ्याच्याच संगणकावरील तिची माहिती कुलूपबंद झाली. नोंदींची यादी वेगळी काढून घेता येई, पण झोटेरोला ती पेटी थेट उघडता येईना. २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात निघालेल्या झोटेरोची आज्ञावली सर्वांना खुली आहे. फुकट साठवण ३०० मेगाबाइटच असली, तरी आमचे मत तिलाच.

मात्र नोंदी पारखण्याचे काम कोणतीच प्रणाली करीत नाही. आमच्या भोईवाड्याजवळची हाफकिन संस्थाच घ्या. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आलेली ही प्लेग प्रयोगशाळा १९०६ मध्ये ‘बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ झाली आणि १९२५ मध्ये ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’. प्रणालीच्या लेखी या तीन निरनिराळ्या संस्था! खुद्द हाफकिनही कुठे वाल्डेमार, तर कुठे व्लादिमिर. आमच्या एका टिपणात जुने अहवाल असेच सूचीभर विखुरले, आणि ते छापून आल्यावर आमच्या ध्यानात आले.

म्हणून शिक्षकांनी प्रकल्पाच्या आरंभी मुलांकडून दहा नोंदी कार्डांवर हाताने करून घ्याव्यात, मुखपृष्ठ नव्हे, आतले शीर्षकपान उघडून.